पुढची सायकल

"खड्डा!"

"ऐकू आलं नाही!"

"खड्डा! डावीकडे!"

"ऐकलं!" मागून पिसाळ वकिलांचा खणखणीत आवाज आला. त्यांची सायकल खड्ड्याच्या उजवीकडून अलगद निघाल्याचं मला टायरच्या सळसळीवरून कळलं. "पाध्ये, अजून वाचनालयात बसलाय का? पोटातून ओरडा, पोटातून. इथे 'शांतता राखा'ची पाटी नाहीये."

मल्हारपेठ नुकतंच मागे पडलं होतं. जानेवारीतली सकाळ होती. ऊन पाठीवर यायला लागलं होतं, पण ब्रेकवरची बोटं अजून बधिर होती. समोरून कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, त्यातली दुसरी रस्त्याच्या मधोमध शेपटीसारखी हलत होती. तिच्यातून निसटलेली कांडकी रस्ताभर विखुरली होती. आमच्या सायकलींचे टायर बोटाएवढे. असल्या टायरखाली एक कांडकं आलं, तर माणूस कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही.

"ऊस!" मी ओरडलो.

"ऐकलं!"

बसथांब्यावर शाळेच्या मुली उभ्या होत्या. त्यातली एक माझ्यासारखाच चिरका आवाज काढून "ऊऽऽस" म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. माझे कान तापले. त्यांच्यासमोरच रस्त्यात दोन लहान खड्डे आले. मी काही बोललो नाही, नुसता बाजूने गेलो. मागे पिसाळांची सायकल दोन्ही खड्ड्यांत धाडधाड आदळली.

"पाध्ये!"

"लहानच होते, वकीलसाहेब."

"लहान-मोठा मी ठरवीन. तुम्ही फक्त पुकारा करायचा. कोर्टातला शिपाई करतो तसा. आरोपी लहान आहे म्हणून तो पुकारायचा थांबतो का?"

मी हसलो, पण मनातून खजील झालो. त्यांच्याबरोबर असलो की माझं नेहमी असंच व्हायचं.

या गोष्टीला पंधरा वर्षं होऊन गेली. तेव्हा मला निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती. कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर मुलांना 'हळू बोला' सांगितलं आणि स्वतःही हळूच बोललो. डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितला म्हणून सायकल घेतली आणि रविवारी लांबवर जाणाऱ्या मंडळींच्या घोळक्यात बिचकत जाऊन उभा राहिलो. त्यात जयसिंगराव पिसाळ होते. दिवाणी कोर्टातले नावाजलेले वकील. माझ्याहून वयाने थोडे मोठेच, पण अंग तालमीत कमावलेलं. चढावर त्यांच्या पायांकडे बघत राहावं असे पाय. त्यांनी माझ्यात काय पाहिलं ते मला कळलं नाही. दुसऱ्याच रविवारी मला म्हणाले, "पाध्ये, आजपासून तुम्ही माझ्या पुढे चालायचं."

सायकलवाल्यांची एक रीत असते. मागच्याला पुढच्याची पाठ आणि चाक यांपलीकडे फारसं दिसत नाही. म्हणून रस्ता दोघांच्या वतीने पुढच्याने बघायचा. खड्डा, खडी, ब्रेकर, कुत्रं, जे काही असेल ते पुढच्याने सांगायचं. बाकीचे लोक हात खाली करून बोटाने दाखवत. पिसाळांना ते चालत नसे. मोठ्याने एकच शब्द ओरडायचा आणि मागच्याने 'ऐकलं' म्हणायचं, असा त्यांचा नियम होता. दिवाळीत त्यांनी मला एक जॅकेट भेट दिलं, भडक नारिंगी रंगाचं. रस्तादुरुस्तीचे कामगार घालतात तसलं. मी कधी जन्मात तो रंग घातला नव्हता. "हे घातल्याशिवाय यायचं नाही," असं बजावून त्यांनी ते माझ्या अंगावर चढवलंही.

आमच्यात तुषार डुबल म्हणून एक तरुण होता. स्टँडजवळ त्याचं औषधांचं दुकान होतं. एकदा मी सायकलींच्या पलीकडे बसून बुटाची नाडी बांधत होतो आणि तो दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, "वकीलसाहेबांची कमाल आहे राव. त्यांच्या ताकदीचा माणूस कुठल्या कुठे गेला असता. पण त्या पाध्ये सरांना कडेवर घेतल्यासारखं पुढं घालून चालतात. पडू नयेत म्हणून."

ते ऐकून मला राग आला नाही. मला ते पटलंच. एवढा भारी माणूस माझ्यासारख्याच्या मागे रेंगाळत का जाईल, याचं उत्तर मिळालं. पण त्यानंतर मागून येणारं प्रत्येक 'ऐकलं' मला बोचायला लागलं. शेवटी मी मनाशी ठरवलं. कराड ते गुहागर ही त्या वर्षीची आमची मोठी फेरी. दोघांनीच जायचं होतं. कोयनेच्या काठाकाठाने घाटमाथा, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, संध्याकाळी समुद्र. तिथे वाळूत बसून त्यांना सांगायचं, की साहेब, आता मला सोडा. तुम्ही तुमच्या वेगाने जा. मला कुणाच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं नाही. वाक्यं मी पाठ केली होती. ओझं न होता एक तरी फेरी पुरी करायची आणि आपणहून बाजूला व्हायचं, एवढीच माझी त्या दिवसाची इच्छा होती.

पाटणला चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने पिसाळांना ओळखलं. त्याची जमिनीची केस त्यांनी चालवली होती. तो बाजूने आला आणि हात पुढे करून उभा राहिला. पिसाळ माझ्याशी बोलतच राहिले. त्याचा हात तसाच हवेत. मला कसंतरी झालं. एवढाही ताठा बरा नव्हे, असं मनात आलं. मग त्यांनी हातवारे करत एका न्यायाधीशांची नक्कल केली आणि कोपराशी ठेवलेला चहाचा ग्लास खाली पाडला.

"काय हो, हे ग्लास ठेवायची जागा आहे का?" ते पोऱ्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळले. "पाध्ये, तुमचा घसा घोगरा वाटतोय."

"थंडीने असेल."

त्यांनी खिशातून लवंग काढून दिली. "चघळा. घसा जपा. खरं काम घाटात आहे."

माझ्या घशाची एवढी काळजी त्यांना का, असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

पाटणच्या पुढे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. अर्धा रस्ता उखडलेला, उरलेल्यावर धुरळा. समोरून वारा. डंपर बाजूने गेला की त्याच्यामागची हवा सायकल ओढून घ्यायची आणि तोंडात माती भरायची. त्यात मी ओरडत होतो. खडी. चर. ब्रेकर. पाइप. एका वस्तीपाशी कुत्रं भुंकत पायाशी आलं, तेव्हा मी इतका किंचाळलो की कुत्रंच दचकून थांबलं. "ऐकलं! शाबास!" मागून पिसाळ म्हणाले. कोयनानगरच्या अलीकडे माझा आवाज फाटला. हेळवाकच्या चढावर तो नुसता फुसफुसला. चढ होता, वेग नव्हता, त्यामुळे चालून गेलं. घाटमाथ्यावर सायकलवरून उतरलो आणि "भजी घेऊ या का" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. बासरी फुटावी तशी नुसती हवा.

"काय झालं?" पिसाळांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन कुजबुजलो, "बसला. पूर्ण."

भज्यांच्या गाड्यावर तेल चुरचुरत होतं. पिसाळ समोर, जिथून घाट खाली उतरतो तिकडे, बघत राहिले.

"मी हाताने खुणा करतो," मी कुजबुजलो. "मला सगळ्या येतात. पुस्तकातून शिकलोय."

"हात सोडू नका घाटात. तोल जाईल तुमचा."

हे मला लागलं. मी आयुष्यात कधी एका हाताने सायकल चालवली नसेल असं त्यांना वाटत होतं. मी कुजबुजलो, "नाही जाणार."

"थांबू या का तासभर? घसा सुटेल."

"आज नाही सुटायचा. हवं तर तुम्ही पुढे व्हा. मी येतो सावकाश."

"नाही," ते एकदम म्हणाले. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्हीच पुढे. चला. फक्त हळू घ्या आणि माझ्या समोरून हलू नका."

मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि निघालो. मनात एकच होतं. आता दाखवूच, की पाध्येलाही जमतं.

घाट उतरताना सायकलवाल्याला पाय मारावे लागत नाहीत. सगळं काम बोटांचं. ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. सतत दाबून धरला तर चाकाची कड तापते आणि आतली ट्यूब फुटते. मी नेहमी भीतीने दाबूनच धरायचो आणि पिसाळ मागून ओरडायचे. त्या दिवशी मी शहाण्यासारखा दाबत-सोडत उतरत होतो. खड्डा आला की डावा हात खाली करून बोट दाखवायचो. खडी आली की तळवा हलवायचो. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं. मागून 'ऐकलं' येत नव्हतं, पण खुणेला कोण ऐकलं म्हणणार? पहिल्या दोन-तीन वळणांनंतर मला मजा वाटायला लागली. खाली कोकण पसरलेलं होतं, निळसर, थरावर थर. एकदा मागे धाडकन आवाज झाला. मी दाखवलेल्या खड्ड्यात पिसाळांचं चाक गेलं होतं. मला वाटलं, लक्ष नसेल. कोकण बघत असतील.

मग ते वळण आलं. उजवीकडे वळणारं. डाव्या हाताला दरी. दरीकडचा कठडा पडलेला होता, दुरुस्तीसाठी खडीचा ढीग टाकलेला होता आणि ढिगापुढे दोन पिंपं उभी होती. रस्ता निम्मा उरलेला. मी डावा हात उंच केला, मूठ वळली. याचा अर्थ, थांबा. मग ढीग दाखवला, मग उजवीकडे खूण केली. जमेल तेवढं ठळक. ब्रेक दाबून मी उजवीकडे वळलो.

मागून येणारा टायरचा आवाज हळू झाला नाही.

तो माझ्या डाव्या कानाशी आला आणि पुढे गेला. पिसाळ माझ्या शेजारून सरळ निघाले होते. वळण नसल्यासारखे. मान ताठ, नजर समोर, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही. त्यांच्या समोर रस्ता नव्हता. मी ओरडलो. तोंड पूर्ण उघडलं, छातीतली सगळी हवा बाहेर टाकली. काहीही आवाज झाला नाही.

पिंप आडवं झालं. सायकल खडीच्या ढिगात घुसली, पुढच्या चाकावर उभी झाली. माणूस एकीकडे उडाला आणि ती एकटीच ढिगावरून पलीकडे गेली, पडलेल्या कठड्यातून खाली. आधी झाडोरा मोडल्याचा आवाज. मग खडकावर धातू आपटल्याचा. मग बराच वेळ काही नाही, आणि मग अगदी खालून आणखी एक.

मी सायकल रस्त्यात टाकून धावलो. पिसाळ ढिगाच्या उतारावर पालथे पडले होते. दरीची कड त्यांच्यापासून हातभरावर. मी त्यांच्या कुशीशी गुडघ्यांवर बसलो. त्यांनी डोकं उचललं. कपाळातून रक्त येत होतं. ते खडीवर तळवे फिरवत काहीतरी शोधत होते.

"पाध्ये!"

मी शेजारीच होतो. हात पुढे केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता.

"पाध्ये! कुठे आहात?"

मी ओठ हलवले. ते माझ्याकडे बघत नव्हते. दरीकडे बघत होते. मला वाटलं, डोक्याला मार लागल्यामुळे भांबावले असतील. पण भांबावलेल्या माणसाची नजर भिरभिरते. यांची नजर स्थिर होती, एका रेषेत, आणि त्या रेषेत मी नव्हतो.

"पाध्ये, ओ द्या! ओ द्या हो!"

आणि मग त्यांना काय वाटलं ते मला कळलं. काहीतरी दरीत कोसळल्याचं त्यांनी ऐकलं होतं. आणि मी उत्तर देत नव्हतो. माझा आवाज बसलाय हे ते त्या क्षणी विसरले होते. ते चार पायांवर सरपटत कडेकडे निघाले. खडी त्यांच्या गुडघ्यांखालून सुटून खाली घरंगळत होती.

"गेला," ते म्हणाले. आवाज पार वेगळा होता. "गेला. मी मारला त्याला. माहीत असून खाली आणला." मग दरीत तोंड घालून ते ओरडले, "माधव!"

दोन वर्षांत त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नव्हती. ते नाव त्यांना माहीत असेल असंही मला वाटलं नव्हतं. मी तसाच बसून होतो. किती वेळ, ते खरंच सांगता येणार नाही. समोर एक माणूस माझं नाव घेऊन दरीत हाका मारत होता आणि मी त्याच्या मागे जिवंत बसलो होतो. मग त्यांचा एक हात कडेवरून पोकळीत गेला. तेव्हा माझ्यात जीव आला. मी त्यांच्या जर्सीला मागून धरलं आणि मागे ओढलं.

ते किंचाळले. मग त्यांनी माझा हात चाचपला. जॅकेटची बाही हाताला लागली. मग मान वळवली आणि आधी ती बाही, मग खांदा, मग हळूहळू वर माझा चेहरा शोधला. अंधारात बॅटरीचा झोत फिरवावा तसा.

मला बोलता येत नव्हतं आणि ते रडत होते.

"काचबिंदू आहे," ते शेवटी म्हणाले. "पुण्याला जाऊन दाखवलंय. गेलेलं परत येत नाही म्हणतात. कडेचं सगळं गेलं. मधलं तेवढं राहिलंय, नळीतून बघावं तसं. कागद वाचतो. समोर आलं तर माणसाचं तोंड दिसतं. तुमचं जॅकेट दिसतं. रस्ता दिसत नाही."

रस्ता दिसत नाही. दोन वर्षं. वाईचा रस्ता, सांगलीचा रस्ता, हायवेवरचे ट्रक, पावसाने भरलेले खड्डे. आणि मी कितीदा लोक बघतायत म्हणून ओरडलो नव्हतो. कितीदा लहानच आहे म्हणून सोडून दिलं होतं. आज सकाळीच, त्या मुलींसमोर.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "वर घाटमाथ्यावरच सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर पुढे चालला असतात?"

"मला वाटायचं, तुम्ही मला सांभाळता," मी कुजबुजलो.

"मी?" ते म्हणाले. "तुम्हाला?" त्यांना हसू आलं असावं, पण ते चेहऱ्यावर पोचलं नाही. "वळणापर्यंत जॅकेट होतं. मग ते गेलं. मग नुसतं आभाळ."

"वहिनींना माहीत आहे?"

"डोळ्यांत थेंब घालतो एवढं माहीत आहे. बाकी कळलं तर आधी सायकल जाईल, मग कोर्ट. मग काय करू मी, पाध्ये? खुर्चीत बसून रेडिओ ऐकू?" त्यांनी माझं मनगट धरलं. "कुणाला बोलायचं नाही. शब्द द्या."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"आवाज नसला तर हात द्या. चालेल."

मी हात दिला.

थोड्या वेळाने एक टेम्पो आला. चालक उतरला, कड बघून आला आणि म्हणाला, "आवो काका, सायकल न्हाई राहिली म्हना. मानूस राहिला, बास झालं." त्याने आम्हाला मागे बसवलं आणि माझी सायकल आमच्या पायांशी आडवी टाकली. पोफळीला एका हॉटेलात पिसाळांनी कपाळ धुतलं. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. शालिनीवहिनी होत्या.

"अगं, मी ठीक आहे," पिसाळ म्हणाले. आवाज पुन्हा कोर्टातला झाला होता. "थोडं खरचटलंय. सायकल गेली दरीत. अगं, पाध्ये मधेच आडवे आले. वळणावर. त्यांना चुकवायला गेलो... नाही नाही, त्यांना काही नाही. देऊ का त्यांना? अरे हो, त्यांचा आवाज बसलाय."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, हातात चहाचा ग्लास. समुद्र बघायचा राहिला. आम्ही एसटीने कराडला परत आलो. पाटणच्या सुमाराला मला डुलकी लागली असेल. जाग आली तेव्हा मला स्वतःबद्दलच शंका येऊ लागली होती. मी खरंच आडवा आलो होतो का? ब्रेक दाबून वळलो होतो, हे खरं. माझा हा स्वभावच आहे. दुसऱ्याने ठासून सांगितलं की मी पाहिलेलं मला खोटं वाटायला लागतं.

पुढचे काही दिवस मी घरातच होतो. गरम पाणी, हळद, मीठ. बायकोला मी पाटीवर लिहून दाखवायचो. काय झालं विचारल्यावर लिहिलं, 'घसरलो.' शुक्रवारी आवाज परत आला. खरखरीत, पण आला. घशाच्या गोळ्या आणायला मी तुषारच्या दुकानात गेलो.

"काय ओ सर," तो गल्ल्यापलीकडून म्हणाला, "एवढं दोन वर्षं वकीलसाहेबांनी शिकवलं तुम्हाला आणि घाटात आडवं जाता होय? थोडक्यात वाचले ते."

मी गोळ्या मागितल्या.

"जाऊ द्या, घाबरला असाल. पण माणूस जिद्दीचा हां. परवा रविवारी निघालेत. माझी जुनी सायकल देतोय त्यांना. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्या बघायला. मी पुढं, ते मागं."

"ते मागे?" मी विचारलं.

"मला म्हणतात, तुषार, मोठ्यानं ओरडत चाल. म्हटलं, साहेब, माझ्या कानात गाणी असतात, मी हात दाखवतो की. तुम्हाला काय दिसत नाय व्हय?"

"मग काय म्हणाले?"

"हसले," तुषार म्हणाला.

मी गोळ्या तिथेच विसरलो. दुकानातून निघालो तो सरळ पिसाळांच्या घराकडे. रस्ताभर माझा उजवा हात मी डाव्या हाताने धरला होता. हाच हात मी त्यांना दिला होता. मला शब्द मोडता येत नाही. वाचनालयाचं पुस्तक मुदतीबाहेर एक दिवस ठेवलं तरी मला झोप येत नसे. फाटकाशी पोचलो तेव्हा वाटलं, परत जावं. आपण कोण? त्यांचा जीव, त्यांची सायकल. फाटकाची कडी हातात घेऊन मी उभा राहिलो. तेवढ्यात वहिनींनीच दार उघडलं.

"या भाऊजी. आवाज आला का?"

"आला."

"मनाला लावून घेऊ नका हं," त्या मायेने म्हणाल्या. "चूक कुणाच्याही हातून होते. ह्यांनी तुम्हाला कधीच माफ केलंय."

पिसाळ आतल्या खोलीत खुर्चीवर होते. हातात कागद, डोळ्यांसमोर सरळ धरलेले. दार उघडं होतं आणि मी त्यांच्या डाव्या अंगाला दारातच उभा होतो. अंगावर ते नारिंगी जॅकेट. खरखरीत 'आला' एवढंच बोललो होतो, तो आवाज त्यांनी ओळखला नसावा.

"कोण आलंय गं?" त्यांनी कागदांकडे बघतच विचारलं.

वहिनी हसल्या. "अहो, तुमच्या शेजारी तर आहेत."

पिसाळ हलले नाहीत.

"वहिनी," मी म्हणालो, "त्यांना रस्ता दिसत नाही."

"काय म्हणालात? घसा अजून नीट नाही वाटतं तुमचा."

मी छाती भरून घेतली. पोटातून. शेजारच्या घरापर्यंत गेलं असेल.

"दिसत नाही त्यांना! काचबिंदूने कडेचं सगळं गेलंय! मी आडवा आलो नाही, त्यांना वळण दिसलं नाही! मी इथे उभा आहे तेही दिसत नाहीये! रविवारी जाऊ देऊ नका!"

वहिनींचा हात तोंडावर गेला. मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि थांबली. मी पिसाळांकडे बघत होतो. ते उठतील, मला घराबाहेर काढतील, निदान खोटारडा तरी म्हणतील, अशी मी वाट बघत होतो. त्यांनी कागद हळूच मांडीवर ठेवले. मान माझ्याकडे वळवली नाही. समोरच्या भिंतीकडेच बघत राहिले.

"ऐकलं," ते म्हणाले.